रोग आपल्याच हाताने येतो

शेजारच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत रोग शिरला की आपण मायेने बघायला जातो. गाईच्या तोंडावरून हात फिरवतो, आणि घरी येऊन तशाच आपल्या म्हशीची धार काढायला बसतो. रोग असा आपल्याच हाताने येतो.

याचा विषाणू आजारी जनावराच्या लाळेत, दुधात, शेणात आणि श्वासातही असतो. तोंडात फोड येण्याआधीच तो पसरू लागतो. म्हणून बाजारातून आणलेलं जनावर धडधाकट दिसलं, तरी तीन आठवडे वेगळं बांधा.

आजारी गाईची बादली आणि चारा-पाणी वेगळं ठेवा. तिची धार सगळ्यात शेवटी काढा. मग हातपाय साबणाने धुवा. बादली, चपला धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने, लिटरला ४० ग्रॅम सोडा घालून. वासराला तिचं दूध पाजू नका. हा रोग वासराच्या काळजावर जातो. फोड न दिसताही ते अचानक दगावतं.

लस दर सहा महिन्यांनी सरकारतर्फे मोफत टोचतात. एक-दोन दिवस दूध कमी होईल, पण परत येईल. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एकमेकींना विचारा: तुझ्या गोठ्यात लस झाली का गं?