जुन्या मोटारीचे निदान

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी आपल्या रस्त्यांवर मोटारी नव्हत्या. तथापि जुनी मोटार हौसेने विकत घेऊन ती घरच्या घरी दुरुस्त करू पाहणाऱ्या माणसाची अवस्था याहून नेमक्या शब्दांत सांगणे कठीण आहे. गाडी अडते एका कारणाने आणि खर्च होतो दुसऱ्याच भागावर. महिनाभराने खिसा हलका झालेला असतो, हात काळे झालेले असतात आणि गाडी मात्र पूर्वी जिथे बंद पडत होती तिथेच पुन्हा बंद पडते.

जुनी मोटार म्हणजे किती जुनी, याविषयी मतभेद आहेत. इंग्लंडातील रसिक १९१९ ते १९३० या काळातील गाडीलाच ‘व्हिंटेज’ हे बिरुद देतात. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे लोटलेली, खासगी वापराची आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी त्या वर्गात बसते. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क पडते आणि गाडी नित्याच्या ये-जा करण्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणावयाची असते. या व्याख्येमुळे एक मौजेची गोष्ट घडली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून साठीच्या दशकात बाहेर पडलेली फियाट अकराशे, म्हणजे सामान्य मध्यमवर्गीयाची आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्याची गाडी, आता संस्थानिकांच्या रोल्सराइसच्या पंक्तीला येऊन बसली आहे.

समजा, इंदुरातील एका निवृत्त मराठी शिक्षकाने अशीच एक फियाट घेतली. गाडी १९६६ सालची. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, बारा व्होल्टची बॅटरी आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खाली. वडिलांना जी गाडी घेणे कधी जमले नाही ती मुलाने साठाव्या वर्षी घेतली. भविष्यनिर्वाह निधीतील रकमेचा एक भाग तिच्यात गेला. गाडी कित्येक वर्षे एका गोठ्यात उभी होती. परंतु विकणाऱ्याने तिला नवा रंग दिला होता, खालूनही गंज लपावा म्हणून काळा डांबरी थर फासला होता. ती चकाकी पाहूनच व्यवहार ठरला.

अशी गाडी दारात आली म्हणजे पहिला मोह होतो तो इंजिन सुरू करून पाहण्याचा. नेमका तोच आवरावयास हवा. जी गाडी थांबेल की नाही हे ठाऊक नाही ती चालू करण्यात शहाणपण नाही. म्हणून आरंभ ब्रेकपासून करावा. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे या गाडीतही पायाच्या ब्रेकची तेलवाहिनी चारही चाकांना मिळून एकच असते. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे उभ्या गाडीचे चाकांतील छोटे सिलिंडर आतून गंजतात. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात, पण आतून फुगून मार्ग अडवतात. मग दाबलेला ब्रेक सुटतच नाही. म्हणून चारही ड्रम उघडावेत, रबरी वाट्या व नळ्या बदलाव्यात आणि जुने तेल संपूर्ण काढून टाकून नवे भरावे. गाडी जॅकवर उचलली तरी निव्वळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कधीही शिरू नये. भक्कम लोखंडी आधार दिल्यावरच शिरावे. या एका सूचनेचे मोल बाकी सर्व सूचनांहून अधिक आहे.

त्यानंतर इंजिनाची पाळी. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडावे, एक दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले म्हणजे निम्मी चिंता मिटली. टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे. त्याची राळ होऊन ते जेटमध्ये बसते. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही बदलणे आता अगत्याचे झाले आहे. २०२५ सालापर्यंत आपल्या देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले, आणि साठ वर्षांपूर्वीचे रबर व बूच त्या मिश्रणासाठी घडवलेले नव्हते. ते मऊ होते, तडकते आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. यातून आग लागण्यास वेळ लागत नाही.

एवढी पूर्वतयारी आमच्या कल्पनेतील शिक्षकांनी केली आणि गाडी पहिल्याच दिवशी सुरू झाली. आनंदाने शेजाऱ्यांना पेढे वाटले गेले. पण वीस मिनिटे उत्तम धावल्यावर ती आचके देऊ लागली आणि बंद पडली. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाली, पुन्हा वीस मिनिटांनी थांबली. हा क्रम रोजचाच झाला.

इथून पुढे खरी परीक्षा असते. थंड असताना चालते आणि तापल्यावर थांबते, त्या अर्थी दोष उष्णतेचा, असे अनुमान शिक्षकांनी काढले. कुणी म्हणाले, कॉइल तापून कमजोर पडते, कॉइल बदलली. कुणी म्हणाले, कंडेन्सर, तोही बदलला. पेट्रोलची नळीत वाफ होत असेल म्हणून नळीला ओले फडके गुंडाळले. अखेर एकाच दिवशी पॉइंट, प्लग, तारा आणि कार्बोरेटरचे जेट असे सारे नवे घातले. गाडी दोन दिवस जरा बरी चालली आणि तिसऱ्या दिवशी पूर्ववत थांबली. आता पूर्वीचा दोष कायम होता आणि नव्या भागांपैकी एखाद्याचा दोष त्यात मिसळला आहे की काय, हेही सांगता येत नव्हते. शास्त्रात आणि दुरुस्तीतही नियम एकच: एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम लिहून ठेवावा. चार बदल एकदम केले की गाडी सुधारली तरी ती कशाने सुधारली हे कळत नाही, आणि बिघडली तर मग विचारूच नये.

शेवटी त्यांनी गल्लीतल्या एका वृद्ध मिस्त्रीला गाठले. या माणसाचे तारुण्य फियाट आणि अँबॅसिडर यांच्या सहवासात गेले होते. त्याने गाडीला हातही न लावता सांगितले, “मास्तर, चालू गाडी मला दाखवू नका. बंद पडू द्या. बंद पडल्यावर काही न उघडता मला बोलवा. रोगी बरा झाल्यावर वैद्याने नाडी पाहून काय उपयोग?”

या साध्या वाक्यात निदानाचे सारे मर्म आहे. पेट्रोलचे इंजिन चालावयास तीन गोष्टी लागतात: योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा, आणि सिलिंडरातील दाब. इंजिन थांबते तेव्हा यांपैकी एक गोष्ट गेलेली असते. ती कोणती, हे ते थांबलेले असतानाच विचारता येते. अर्ध्या तासाने गाडी पुन्हा सुरू झाली की पुरावा नाहीसा होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी थांबली आणि मिस्त्री आला. त्याने प्रथम कार्बोरेटरपासून दूर, एका प्लगची तार काढून ठिणगी पाहिली. ती निळी आणि जोरकस होती. म्हणजे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट हे सारे एका क्षणात निर्दोष ठरले. त्यांच्यावर झालेला खर्च व्यर्थ होता. मग कार्बोरेटरची वाटी उघडली, ती जवळजवळ कोरडी होती. दोष पेट्रोलच्या मार्गात होता. आता शिक्षकांची नजर पंपाकडे वळली. पण मिस्त्री गाडीच्या मागच्या बाजूस गेला आणि त्याने टाकीचे झाकण हळूच सैल केले. ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आत शिरली. गाडी लगेच सुरू झाली. अर्धा तास थांबावे लागले नाही.

कारण अगदी साधे होते. टाकीतून पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी त्याची जागा घ्यावयास बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी एक बारीक वाट ठेवलेली असते; काही गाड्यांत ती झाकणात असते, काहींत निराळ्या नळीची असते. या गाडीत त्या नळीचे तोंड, गंज झाकण्यासाठी खालून फासलेल्या काळ्या थराने बुजले होते. वीस मिनिटांत टाकीत निर्वात पोकळी निर्माण होई आणि पंपाला पेट्रोल ओढता येईना. गाडी उभी राहिली की झाकणाच्या फटीतून हवा हळूहळू झिरपे आणि सारे पूर्ववत होई. उष्णतेचा या प्रकरणाशी संबंधच नव्हता. वेळ जात होता आणि त्याच वेळी इंजिन तापत होते. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरवली गेली होती. मिस्त्रीने एका तारेने ते तोंड मोकळे केले. ज्या चकाकीवर भुलून गाडी घेतली, ती चकाकीच गाडीचा गळा आवळून बसली होती.

यातून काही गोष्टी घरच्या दुरुस्तीसाठी नियम म्हणून घेण्याजोग्या आहेत. जुन्या गाडीचे दोष दोन प्रकारचे असतात: काही काळाने केलेले, काही माणसाने केलेले. गंज, झीज, वाळलेले रबर हे पहिल्या प्रकारचे. आपल्याआधी ज्यांचे हात गाडीला लागले त्यांनी लावलेला भलताच बोल्ट, उलटसुलट जोडलेली तार, नको तिथे दिलेला रंग हे दुसऱ्या प्रकारचे. नव्याने घेतलेल्या गाडीत दुसऱ्यांचाच संशय आधी घ्यावा. जुना प्लग फेकण्यापूर्वी त्याचा रंग पाहावा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक, ओलसर तेल म्हणजे झिजलेले इंजिन, फिकट तपकिरी रंग म्हणजे प्रकृती ठीक. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा, कारण निर्दोष मूळ भाग फेकला तर तो पुन्हा मिळेलच असे नाही. आणि जवळ एक वही असावी. तीत तारीख, लक्षण, केलेला एकच बदल आणि त्याचा परिणाम, इतके पुरे.

या कुळातील अखेरची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. तिच्याबरोबर अशा मिस्त्रींचे कामही ओसरले आहे. आवाजावरून झडप आणि वासावरून मिश्रण ओळखणारी ही माणसे आता वृद्ध होत आहेत, आणि त्यांची विद्या कोठे लिहून ठेवलेली नाही. त्या दिवशी शिक्षकांनी मजुरीचे पैसे पुढे केले तेव्हा मिस्त्रीने चहाच तेवढा घेतला. तारेच्या एका टोचणीचे पैसे काय घ्यायचे, असे तो म्हणाला. शिक्षकांनी मात्र वहीत त्या दिवसाच्या तारखेखाली सारी हकीकत सविस्तर लिहिली, आणि पुढच्या रविवारी मिस्त्रीने यावे, बसून सांगावे आणि आपण लिहून घ्यावे, असे ठरवून टाकले.