मुसके गोठ्यात नको

कामगाराने सुट्टी झाल्यावर, स्वतःच्या पैशाने, पानठेल्यावर किंवा घरी जे व्यसन केले, त्याबद्दल मालकाने त्याची मजुरी कापावी की नाही, या प्रश्नात नेहमी दोन गोष्टींची सरमिसळ होते. कामावर असताना केलेले व्यसन वेगळे आणि कामाबाहेर केलेले वेगळे. पहिल्याबद्दल वाद नाही. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरील बंदीचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू आहेत आणि कामाची जागाही त्यांत येते. जिनिंगमध्ये रुईच्या गंजीजवळ बिडी पेटवणाऱ्याला कोणी पाठीशी घालणार नाही. वाद आहे तो फाटकाबाहेरचा.

वऱ्हाडात फाटकाबाहेरची सवय म्हणजे मुख्यतः खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेली ही पुडी अकोल्याच्या डाळ मिलपासून नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांपर्यंत आणि बाजार समितीतल्या हमालांपासून कचेरीतल्या बाबूंपर्यंत सगळ्यांच्या खिशात असते. 2016-17 च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. धूर काढणारे 3.8 टक्के, तर धूर न काढता चघळणारे किंवा घासणारे 24.4 टक्के. म्हणजे सिगारेटवर लाल काट मारलेली पाटी भिंतीला लावून इकडच्या मालकाचे समाधान होत असेल, तर त्याने आधी त्याच भिंतीचा कोपरा पाहावा. तो पिचकाऱ्यांनी रंगलेला असतो.

मालकाचा हक्क कुठवर जातो हे शेतातल्या मुसक्यावरून नीट कळते. डवरणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसके बांधतात, कारण दोन्ही बाजूंना कोवळी पऱ्हाटी असते आणि बैलाने मान वळवली की पीक गेले. हे मुसके रास्त आहे. पण तिन्हीसांजेला जू उतरले की मुसकेही उतरते. गोठ्यात मुसके बांधून ठेवणारा शेतकरी अजून वऱ्हाडाने पाहिलेला नाही. कामाच्या वेळचे नियम म्हणजे डवरणीचे मुसके आणि कामाबाहेरच्या सवयीचा दंड म्हणजे गोठ्यातले मुसके. दाखला अर्थात पुरता लागू पडत नाही. बैल तरी धन्याच्या मालकीचा असतो, कामगार नसतो. त्याने आपले आठ तास विकलेले असतात, तोंड आणि फुप्फुस नव्हे. जे मालकीच्या बैलाला कोणी करत नाही, ते बिनमालकीच्या माणसाला करण्याचा हक्क कुठून येणार?

कायद्याचा कलही इकडेच आहे. 1936 च्या वेतन अदायगी कायद्याने दंडाला चारी बाजूंनी कुंपण घातले आणि 2019 च्या वेतन संहितेने ते कायम ठेवले. कोणत्या कृत्यांना दंड होईल त्याची यादी आधी मंजूर करून घेऊन लावावी लागते. कामगाराचे म्हणणे ऐकावे लागते. एका वेतनकाळात एकूण दंड मजुरीच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणजे 12,000 रुपये पगारावर फार तर 360 रुपये. दंडाची वही ठेवावी लागते आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करावी लागते, ती मालकाच्या गल्ल्यात जात नाही. ‘खर्रा खाल्ला, दोनशे कापले’ हा मुकादमी हिशेब या कुंपणाच्या बाहेरचा आहे. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थायी आदेशांतल्या गैरवर्तनाच्या कलमाचा अर्थ लावताना मालकाची शिस्त कारखान्याच्या आवारापुरती आणि लगतच्या जागेपुरती राखली. ते प्रकरण व्यसनाचे नव्हते, संपकाळातल्या मारहाणीचे होते. मारहाणीलाही जिथे ही हद्द लागू झाली, तिथे पानठेल्यावरच्या पुडीची काय कथा.

अपवाद आहेत आणि ते मान्य केलेच पाहिजेत. बडनेरा किंवा अकोला स्थानकातून गाडी नेणाऱ्या लोको पायलटची कामावर रुजू होताना श्वासचाचणी होते. वैमानिकाला उड्डाणाआधीचे बारा तास मद्य वर्ज्य असते. इथे नियम कामाबाहेरच्या तासांत शिरतो, कारण त्या तासांतले मद्य रक्तातून कामावर येते आणि मागे शेकडो जीव बसलेले असतात. पण चाचणी काय विचारते हे पाहावे. महिन्याभरात किती प्यालास, असे ती विचारत नाही. आत्ता गाडी चालवण्यास योग्य आहेस का, एवढेच विचारते. मोजायचे ते काम, सवय नव्हे. हा फरक सुटला की सगळा प्रश्न विस्कटतो, म्हणून पुन्हा तेच: मोजायचे ते काम, सवय नव्हे.

मालकांचा पहिला युक्तिवाद खाड्यांचा असतो. पगार झाल्यावर दोन दिवस माणूस उगवत नाही, ही तक्रार खोटी नाही. पण खाड्याची मजुरी तशीही कापली जाते. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दाम नाही, इतका हिशेब पुरेसा आहे. खाडा दारूने पडला की तापाने, यावरून दुसऱ्यांदा कापणे म्हणजे एकाच पोत्याची दोनदा तोलाई घेणे.

दुसरा युक्तिवाद आजारपणाच्या खर्चाचा. तो अमेरिकेतून आलेला आहे. तिथे नोकरांचा आरोग्यविमा बहुधा मालक भरतो, म्हणून 2005 मध्ये मिशिगनमधल्या वेको नावाच्या कंपनीने घरी सिगारेट ओढणाऱ्यांनाही कामावरून कमी केले. त्याआधी 1914 मध्ये हेन्री फोर्डने पाच डॉलर रोज देऊ केला, तेव्हा कामगार घरी कसा राहतो, पितो का, पैसे कुठे घालवतो, हे पाहायला त्याचे निरीक्षक घरोघर जात. ती पद्धत काही वर्षांतच गुंडाळावी लागली. आपल्याकडे हिशेब निराळा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत जुलै 2019 पासून मालकाचा वाटा मजुरीच्या 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्का आहे. कामगार खर्रा खातो म्हणून सव्वातीनाचे चार होत नाहीत. जिनिंगची तर आणखी गंमत आहे. जिनिंग हा हंगामी कारखाना ठरतो आणि हंगामी कारखाने या योजनेतून वगळलेले आहेत. आजारपणाचा खर्च जो मालक भरतच नाही, त्याने तो वाढतो म्हणून दंड करावा, याला काय म्हणावे?

आता मूळ मुद्दा, जो बहुतेक चर्चांत राहून जातो. सवय फाटकाबाहेर दिसते, पण पुष्कळदा लागते ती फाटकाच्या आत. हंगामात जिनिंगची रात्रपाळी लांबते, भूक मारायची असते, झोप उडवायची असते, चहाला सोडत नाहीत. पुडीला मात्र सुट्टी लागत नाही. हात कामात आणि गालात खर्रा. डवरणीचा बैल पिकाकडे मान का वळवतो? सकाळी त्याला पोटभर वैरण मिळालेली नसते म्हणून. मुसक्याने तोंड बंद होते, पोट भरत नाही.

खोकल्याचेही तसेच. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो. सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची ओळखीची खूण. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांच्या यादीत तो नोंदला गेला. बिडीने तो बळावतो, हेही खरे. पण सवयीला दंड करण्याची मुभा मिळाली, की खोकणाऱ्या प्रत्येक कामगाराकडे बोट दाखवता येते: तुझी बिडी. धूळ, पंखा, तोंडावरचा फडका, यांतले काहीच मग बदलावे लागत नाही. रोग कामाचा आणि दोष कामगाराचा, अशी वाटणी होऊन बसते. आणि ज्याला दंडाची धास्ती आहे तो गालातला पांढरा चट्टा डॉक्टरला दाखवत नाही. तोंडाच्या कर्करोगात लवकर दाखवण्यावरच पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणजे आरोग्यासाठी लावलेला दंड आरोग्याच्याच मुळावर येतो. शिवाय कापलेले पैसे खर्र्याच्या वाट्यातून जात नाहीत. पुडी येतेच, घरचे तेल कमी होते.

 

मालकाने काय करावे, याचे उत्तर लांब नाही. पाळीत दोनदा चहा-पाण्याची ठरलेली सुट्टी, धुळीचा बंदोबस्त, वर्षातून एकदा तोंडाची तपासणी, आणि तिचा निकाल मालकाला नव्हे तर कामगाराला. सोडू इच्छिणाऱ्यासाठी 1800-112-356 हा तंबाखूमुक्तीचा मोफत राष्ट्रीय दूरध्वनी फाटकावर लिहून ठेवावा. आवारात थुंकणाऱ्याला जरूर दंड करावा, मंजूर यादीप्रमाणे, वहीत लिहून.

शेंडगावला जन्मलेले आणि वलगावजवळ 1956 मध्ये देह ठेवलेले गाडगेबाबा दारूवर कडाडून बोलत, पण त्यांचा क्रम ठरलेला होता. गावात आल्यावर आधी हातात खराटा, रस्ते झाडून झाले की रात्री कीर्तन. कारखान्याच्या मालकाला कीर्तन करायचे असेल तर करावे, खराटा मात्र आधी आपल्या फाटकाच्या आत चालवावा. दंडाची हद्द आवाराच्या भिंतीला संपते. भिंतीपलीकडे तपासणी, सल्ला आणि मदत एवढेच उरते, आणि तेही कामगाराने मागितले तर.