डॉक्टर व्हायचं, तर फिजिक्स कशाला?

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आमच्या किशोरी गटात बारावी सायन्सच्या सहा-सात मुली येतात. गेल्या वर्षी त्यांतली एक सराव परीक्षेचा पेपर हातात घेऊन आली. बायॉलॉजीत उत्तम गुण आणि फिजिक्समध्ये जवळजवळ शून्य. मला म्हणाली, "ताई, पेशंटला तपासताना डॉक्टर उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचा वेग काढतात का हो? मग आम्हाला फिजिक्स कशाला?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण उत्तर मला देता आलं नाही. कारण २००६ साली, तालुक्याच्या गावी बारावीत असताना, हाच प्रश्न मीही विचारला होता आणि मलाही कुणी उत्तर दिलं नव्हतं. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा होती, पण ती बहुतेक वेळा कुलूपबंद असायची. व्हर्नियर कॅलिपर मी हातात धरण्याआधी जर्नलमध्ये काढला. आकडे मागच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलमधून उतरवले. मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली, फिजिक्समध्ये आपटले आणि पुढे समाजकार्याकडे वळले. या कामाचा मला पश्चात्ताप नाही. पण तेव्हा ती माझी निवड होती असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधणं मला भाग पडलं. ते आज तुमच्यापुढे मांडते.

आधी परीक्षेचं गणित पाहू. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं, आणि वर 'नीट' द्यावी लागते. या परीक्षेला ७२० गुण असतात. त्यांपैकी ३६० बायॉलॉजीचे, १८० केमिस्ट्रीचे आणि १८० फिजिक्सचे. २०२५ साली १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटं होती, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा.

आता ही एका मिनिटाची तयारी होते कुठे? बायॉलॉजी मुली पाठ्यपुस्तक वाचून, पाठ करून, एकमेकींना विचारून बरीचशी सावरतात. फिजिक्सचं तसं होत नाही. गणित सोडवायचं, ते चुकायचं, कुठे चुकलं हे कुणीतरी दाखवायचं आणि मग पुन्हा सोडवायचं, असं ते येतं. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात. शिकवणारं माणूस आणि सलग मोकळा वेळ. नेमक्या याच दोन गोष्टी आपल्या मुलींपाशी नसतात.

शिकवणारं माणूस खाजगी क्लासमध्ये असतं आणि क्लास लातूरला नाहीतर पुण्याला असतो. ज्या मुलीबद्दल मी बोलते आहे तिचा भाऊ दोन वर्षं लातूरला राहून आला. तिच्याबद्दल आई म्हणाली, "ताई, पोरीला एवढ्या लांब एकटं कसं ठेवायचं? आणि एवढा पैसा हिच्या शिक्षणात घातला तर लग्नाला काय उरणार?" ही आई वाईट बाई नाही. तिच्यापुढे जो हिशोब मांडून ठेवला गेला आहे, तोच ती वाचून दाखवते. राहिला वेळ. भाऊ अभ्यासाला बसला की घरात टीव्हीचा आवाज कमी होतो. ही बसली की पाण्याची वेळ होते, मग भाकऱ्यांची.

त्यात आणखी एक अडथळा भाषेचा. दहावीपर्यंत मराठीत 'बल', 'त्वरण', 'संवेग' शिकलेल्या मुलीला अकरावी सायन्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकावं लागतं. फोर्स, ॲक्सिलरेशन, मोमेंटम. ओळखीची माणसं अचानक परक्या वेषात समोर यावीत तसं होतं. मुलीला वाटतं, आपल्याला विषयच कळत नाही. खरं तर तिला विषयाची भाषा कळत नसते.

हे सगळं पाहिलं की आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, फिजिक्स काढूनच टाका ना! मलाही तसं वाटत होतं. माझं मत बदललं ते एका दवाखान्याच्या वऱ्हांड्यात.

वस्तीतल्या एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना म्हणून आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं होतं. आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "ही बारीक सुई नको. जाड कॅन्युला, दोन्ही हातांना." बाई वाचली. नंतर मी डॉक्टरबाईंना विचारलं, "एवढी घाई असताना सुई बदलण्यात वेळ का घालवलात?" त्यांनी कागदावर समजावून दिलं. नळीची रुंदी निम्मी झाली तर तिच्यातून वाहणारं पाणी निम्मं होत नाही, ते सोळाव्या हिश्श्यावर येतं. एकोणिसाव्या शतकात प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं, रक्त बारीक नळ्यांतून कसं वाहतं हे शोधताना, हा नियम मांडला. नळी जितकी जाड आणि आखूड, तितकं सलाईन आणि रक्त लवकर आत जातं. अंगातून रक्त वाहून चाललेल्या बाईसाठी जगणं आणि मरणं यांतलं ते अंतर असतं. हे फिजिक्स आहे.

मग मला ते सगळीकडे दिसायला लागलं. बाळ जन्मल्याबरोबर कोरडं पुसा असं दाईला का शिकवतात? माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं ओलं बाळ गार पडतं. काविळीच्या बाळाला निळ्या प्रकाशाखाली का ठेवतात? त्या प्रकाशानं कातडीतल्या पिवळ्या द्रव्याचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर पडू शकतं. प्रकाशाचा हा गुण १९५६ साली इंग्लंडमधल्या एका इस्पितळात सिस्टर जीन वॉर्ड या परिचारिकेच्या लक्षात आला. बाळांना बागेतल्या उन्हात नेल्यावर उघड्या अंगाचा पिवळेपणा कमी होतो, हे तिनं पाहिलं आणि डॉक्टरांना दाखवलं.

कोविडच्या काळात आपल्या आशाताई बोटाला लावायचा चिमटा घेऊन घरोघर फिरल्या. त्या ऑक्सिमीटरमधून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून जातो. रक्तात ऑक्सिजन किती, यावर कुठला प्रकाश किती शोषला जाणार हे ठरतं. पण २०२० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय रुग्णांचा ऑक्सिजन प्रत्यक्षात धोक्याइतका कमी असताना हे यंत्र तो ठीक दाखवतं, आणि गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत असं जवळजवळ तिप्पट वेळा घडतं. कातडीचा रंग प्रकाशाच्या वाटेत येतो. सावळ्या माणसांच्या देशात डॉक्टरला हे ठाऊक नको का? ज्या डॉक्टरला यंत्राच्या पोटात काय चाललं आहे हे कळत नाही, ती यंत्राचा आकडा देववाणीसारखा मानते. जिला कळतं, ती पेशंटच्या चेहऱ्याकडे पाहून यंत्रावर शंका घेऊ शकते.

आपल्या चळवळीला तर हे वेगळं सांगायला नको. सोनोग्राफी म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आणि त्यांचे प्रतिध्वनी. त्या लहरींना मुलगा-मुलगी असा भेद माहीत नसतो. पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाला तो माहीत असतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८०च्या दशकात मुंबईत ज्या बायका उभ्या राहिल्या, त्यांना गर्भजल परीक्षा काय असते, कुठलं यंत्र काय दाखवू शकतं, हे शिकून घ्यावं लागलं. म्हणून १९८८ साली महाराष्ट्राचा कायदा झाला आणि १९९४ साली देशाचा. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे आपल्या राज्यातल्या मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती, ती २०११ साली ८९४ वर आली. तंत्र कळल्याशिवाय तंत्राला जाब विचारता येत नाही. हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

आणखी एक उदाहरण देते. रोझलिन यालो ही न्यूयॉर्कमधल्या गरीब घरातली मुलगी. तिला फिजिक्स शिकायचं होतं. आधी एका शास्त्रज्ञाची सेक्रेटरी हो, लघुलेखन शीक, मग पाहू, अशी वाट तिला दाखवली गेली. १९४१ साली इलिनॉय विद्यापीठात तिला जागा मिळाली, तेव्हा तिथल्या सुमारे ४०० अध्यापकांत ती एकटी बाई होती. पुढे तिनं आणि तिच्या सहकाऱ्यानं किरणोत्सर्गी पदार्थ वापरून रक्तातलं अगदी सूक्ष्म प्रमाणातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधली. १९७७ साली तिला नोबेल मिळालं ते वैद्यकशास्त्राचं. मधुमेह आणि थायरॉइडच्या तपासण्यांचा इतिहास तिच्या नावाशिवाय सांगता येत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. डॉक्टर होणाऱ्या मुलीला फिजिक्स हवंच. पण जे हवं ते एक, आणि परीक्षा जे मोजते ते दुसरं. एका मिनिटात पर्याय निवडण्याचं कसब हे बरंचसं क्लासच्या फीचं आणि घराबाहेर राहण्याच्या मोकळिकीचं मोजमाप आहे. २०१७ साली तामिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातल्या अनिता या हमालाच्या दलित मुलीनं बारावीला १२०० पैकी ११७६ गुण मिळवले. फिजिक्समध्ये पैकीच्या पैकी होते. नीटमध्ये तिला ८६ गुण मिळाले. तिनं सुप्रीम कोर्टापर्यंत दाद मागितली. त्या सप्टेंबरात तिनं जीव दिला. तिला फिजिक्स येत नव्हतं असं कोण म्हणेल? २०२० साली त्या राज्यानं सरकारी शाळांतून शिकलेल्या मुलामुलींसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. तो एक मार्ग झाला. आपल्या राज्यानं २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, सवलतीस पात्र गटांमधल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क पूर्ण माफ केलं. चांगलं झालं. पण ही माफी दारातून आत गेलेल्या मुलीला मिळते. दारापर्यंत पोचण्याची फी कुणी माफ केलेली नाही.

फिजिक्स काढून टाका असं आपण म्हटलं, तर मुलींना अवघड विषय झेपत नाहीत या जुन्या समजुतीवर आपणच शिक्का मारू. आपली मागणी विषय कमी करण्याची नको, तो मुलींपर्यंत पोचवण्याची हवी. त्यासाठी आपल्याला काय करता येईल?

एक, आपापल्या तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन पाहा. फिजिक्सच्या शिक्षकाची जागा भरलेली आहे का? प्रयोगशाळेचं कुलूप आठवड्यातून किती वेळा निघतं? मुली प्रयोग करतात की उतरवतात? सरळ सांगितलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा.

दोन, अकरावीत गणित सोडण्याआधी मुलींशी बोला. 'डॉक्टरच व्हायचंय, गणित कशाला' असं म्हणून त्या ते सोडतात आणि मग फिजिक्स लंगडं होतं. शिवाय दोन्ही वाटा उघड्या राहतात त्या वेगळ्याच. बारावीला बायॉलॉजी नसलेल्यांनी तो विषय नंतर जादा विषय म्हणून पूर्ण केला तरी नीटला बसता येईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. हे मुलींपर्यंत पोचलेलं नाही.

तीन, संध्याकाळी दोन तास दिवा, पंखा आणि शांतता असलेली एक खोली मिळवा. समाजमंदिर, बालवाडी, काहीही चालेल. आणि पालकसभेत लग्नाच्या खर्चाच्या शेजारी क्लासचा खर्च फळ्यावर मांडा.

चार, दवाखान्यातल्या सिस्टरना गटात बोलवा.

आम्ही बोलावलं. सिस्टरनी सलाईनच्या दोन रिकाम्या बाटल्या आणल्या, पाणी भरून एकाच उंचीवर टांगल्या. एकीला राखाडी, जाड कॅन्युला लावली, दुसरीला निळी, बारीक. खाली दोन पेले ठेवले. राखाडीखालचा पेला भरत आला तेव्हा निळीखाली पाव पेलाही नव्हता. मुली गप्प झाल्या. ठोकळ्याचा प्रश्न विचारणारी ती मुलगी वही काढून मोजायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, हे फिजिक्स आहे हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही."

यंदा ती पुन्हा परीक्षा देते आहे. तिचं काय होईल मला माहीत नाही. पण ती नापास झाली तर विषय अवघड होता असं आपण म्हणायचं नाही. कुठली खोली बंद होती आणि तिची किल्ली कुणाकडे होती, ते विचारायचं.