मानवी प्रजनन : प्राथमिक शाळेत काय सांगावे
(नाशिक जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



परागकण, बीजांड, फलन हे शब्द शिकविताना कोणाही शिक्षकाची जीभ अडखळत नाही. मूल माणसाविषयी विचारू लागले म्हणजे मात्र 'मोठा झालास की कळेल' असे सांगून त्यास खाली बसविले जाते. दहावीच्या विज्ञानात हा धडा आहे खरा. परंतु मुलीची पाळी दहावीची वाट पाहत नाही.

जुलै २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका आश्रमशाळेतील विद्यार्थिनीने अशी तक्रार केली की, पाळी आलेल्या मुलींना वृक्षारोपण करू दिले नाही. त्यांनी लावलेली झाडे जगत नाहीत, हे कारण सांगण्यात आले. त्या तक्रारीचा निवाडा करणे हे ह्या भाषणाचे काम नव्हे. तथापि तशी समजूत गावोगाव आढळते, आणि तिचे उत्तर शरीरशास्त्रात आहे.

स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशय असते व त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक अंडाशय. वयात आल्यावर साधारणतः दरमहा एक अंडपेशी अंडाशयातून निघून अंडनलिकेत शिरते. त्याच सुमारास गर्भाशयाचे अस्तर जाड होते. संभाव्य गर्भासाठी केलेली ती तयारी होय. गर्भ राहिला नाही म्हणजे हे अस्तर रक्तासह योनीमार्गे बाहेर पडते. हीच मासिक पाळी. 'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसविण्याजोगे त्यात काही नाही, आणि रोपाच्या जगण्यामरण्याशी त्याचा सुतराम संबंध नाही. हे आधी न सांगितलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीस पहिल्या वेळी आपल्याला रोगच झाला असे वाटते.

पुरुषाची वृषणे उदराबाहेर असतात, कारण शुक्रपेशी तयार होण्यास शरीराहून दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. तेथून त्या शुक्रवाहिनीतून येतात व ग्रंथींच्या स्रावात मिसळून वीर्यरूपाने शिश्नावाटे बाहेर पडतात. वयात येणाऱ्या मुलास झोपेत वीर्यस्खलन होणे स्वाभाविक आहे. 'धातू जातो' असे भय घालून औषधे विकणाऱ्यांचे त्यावरच पोट भरते.

स्त्रीपुरुषांच्या समागमानंतर शुक्रपेशी अंडनलिकेपर्यंत पोहोचतात व त्यांपैकी एक अंडपेशीत शिरते. ही फलित पेशी विभागत विभागत सुमारे आठवड्याभरात गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. पुढे वार व नाळ ह्यांच्या द्वारे गर्भाचे पोषण होते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुमारे २८० दिवस हा काळ धरतात.

येथे शिक्षकाने फळ्यावर हिशेब मांडावा. मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. लिंग ठरविणाऱ्या जोडीपैकी आईकडून येते ते एक्स. वडिलांकडून एक्स अथवा वाय. एक्स आल्यास मुलगी, वाय आल्यास मुलगा. तेव्हा मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणे निराधार ठरते. बापालाही बोल लावता येत नाही, कारण कोणती शुक्रपेशी पोहोचावी हे त्याच्या हाती नसते. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला व केंद्राने १९९४ साली. तरी सासरचे ते बोलणे अजून बंद झालेले नाही.

प्रा. र. धों. कर्वे ह्यांनी जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आजच्या शिक्षकास तेवढे सोसावे लागत नाही. फार तर एखादा पालक शाळेत येऊन जाब विचारील; त्यास हाच पाठ दाखवावा.

अवयवांची नावे सांगताना आडपडदा नसावा. नाव ठाऊक असलेले मूल, कोणी कोठे हात लावला हे नेमके सांगू शकते. नाव नसलेले मूल 'तिथे' एवढेच म्हणून रडते, आणि मोठी माणसे ते सोडून देतात. असा प्रकार कानी आल्यास, २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये पोलिसांना कळविणे शिक्षकावर बंधनकारक आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.