पोटाचं दुखणं आणि पुराव्याचं ओझं

(मंचाच्या मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत अणुऊर्जेवरून बरीच खडाजंगी झाली. आज मी त्या वादात शिरणार नाही. अपघातानंतर साफसफाईला जे लोक जातात, त्यांच्या पोटाच्या आरोग्याबद्दल बोलणार आहे.

२६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमध्ये चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. पुढे सुमारे ६ लाख लोकांना 'लिक्विडेटर', म्हणजे सफाई कामगार म्हणून अधिकृत दर्जा मिळाला. त्यात सैनिक होते, खाणकामगार होते, ड्रायव्हर होते. छतावरचा किरणोत्सारी मलबा उचलताना यंत्रं बंद पडली, तेव्हा माणसं फावडी घेऊन वर गेली. काही ठिकाणी मिनिट-दीड मिनिट काम केलं की खाली पळायचं!

आता पोटाकडे वळू. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. तिथल्या पेशी झपाट्याने विभागतात, म्हणूनच किरणोत्साराचा फार मोठा मारा त्यांना सोसत नाही. त्या वर्षी तीव्र किरणोत्सार-आजाराने जे २८ जण गेले, त्यांच्यापैकी काहींच्या आतड्यांची अशीच हानी झाली होती.

पण बहुसंख्य कामगारांना मिळालेली मात्रा त्याहून खूपच कमी होती. युक्रेन आणि रशियातले डॉक्टर वर्षानुवर्षं नोंदवत आले आहेत की या लोकांत जठरदाह, अल्सर, यकृताचे विकार मोठ्या प्रमाणावर दिसतात. हे सगळं किरणोत्सारामुळेच का? प्रामाणिक उत्तर असं, की तसं सिद्ध झालेलं नाही. दरवर्षी तपासणी होत असल्यामुळे यांचे आजार जास्त सापडतात. शिवाय दारू, सिगारेट, वेळी-अवेळी जेवण आणि मनावरचा ताण आहेच. अल्सरचं एक मोठं कारण तर हेलिकोबॅक्टर नावाचा जिवाणू आहे. त्या शोधाला २००५ साली नोबेल मिळालं. कर्करोगाची गोष्ट मात्र वेगळी. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या दीर्घ अभ्यासात, मात्रा वाढते तसा जठराच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असं दिसलं आहे.

इथेच खरी मेख आहे. शास्त्र समूहाबद्दल बोलतं. एका माणसाचा अल्सर किंवा कर्करोग कशामुळे झाला, हे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यात चेर्नोबिलच्या मात्रांच्या नोंदी कच्च्या. कित्येकांच्या अंगावर मोजमापाचं उपकरणच नव्हतं. कुठे साऱ्या तुकडीला एकच आकडा, तर कुठे नुसता अंदाज. वही सरकारची, मोजमाप सरकारचं आणि पुरावा मात्र कामगाराने द्यायचा! हा कुठला न्याय?

हे केवळ सोव्हिएत राजवटीतच घडलं असं समजू नका. १९६६ साली स्पेनमधल्या पालोमारेस गावावर अमेरिकेचं बॉम्बर विमान हवेत धडकून कोसळलं आणि शेतांत प्लुटोनियम पसरलं. ते साफ करायला आपल्या या देशाचे सुमारे १,६०० हवाई सैनिक गेले होते. त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. अखेर २०२२ च्या पॅक्ट कायद्याने त्यांची कामगिरी किरणोत्साराच्या धोक्याची म्हणून मान्य केली. आता जठर, अन्ननलिका, आतडी, यकृत, स्वादुपिंड अशा ठरावीक कर्करोगांत त्यांना आपली मात्रा सिद्ध करावी लागत नाही. तिथे होते एवढं पुरतं. पण तोवर ५६ वर्षं उलटली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. उपचार कारण सिद्ध होईपर्यंत थांबू नयेत. जिवाणूची चाचणी, एंडोस्कोपी, वेळेवर कोलोनोस्कोपी ही तपासणी अशा प्रत्येक कामगाराला आयुष्यभर फुकट मिळावी. दुखण्याला किरणोत्साराचं सर्टिफिकेट लागत नाही. आणि नुकसानभरपाईच्या बाबतीत शंकेचा फायदा कामगाराला मिळावा, कारण नोंद ठेवण्याची जबाबदारी त्याची नव्हतीच.

अणुऊर्जा हवी असं म्हणणाऱ्यांनी आणि नको म्हणणाऱ्यांनीही एवढ्या मुद्द्यावर एकत्र यायला काय हरकत आहे? चर्चेत जरूर सांगा.