ठराव आणि तळे



नागरिकशास्त्रात सूचक, अनुमोदक, मतदान एवढे सांगून आपण थांबतो. महाडचे उदाहरण घ्यावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांस खुले करण्याचा श्री. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तदनुसार चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ते पाणी प्राशन केले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला! उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागण्यास १९३७ उजाडले.

ही सभा वर्गात भरवावी. विरोधकांसही बोलू द्यावे. गलका होईल, होवो. मतमोजणी झाल्यावर मुलांना विचारावे: उद्या तळ्यावर घागर घेऊन गेलेल्यास कोणी अडविले, तर हात वर करणाऱ्या सभासदांनी काय करावे?