भागीदार शोधण्याआधी बिलं वसूल करा





धंद्यासाठी बाहेरचा गुंतवणूकदार कसा मिळवायचा, यावर बोला असं मला सांगितलं आहे. मी मोटार रिवाइंडिंगवाला. माझं म्हणणं सरळ आहे: सेवेचा छोटा धंदा असेल, तर शक्यतो मिळवूच नका.

आमच्या लहानपणी भद्रावतीत हाताचं काम शिकायचं तर ग्रामोदय संघात मातीकाम, नाहीतर आयुध निर्माणीत भरती. मी एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. रब्बीत लाइनचा एक फेज गेला की शेतकरी जळकी मोटार बैलगाडीत टाकून आणायचे. उस्ताद झाकण काढून दाखवायचे, दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर, तिसरी लख्ख. जुनी तार काढताना प्रत्येक खाचेतले वेढे मोजून वहीत लिहायचे. वेढे चुकले की मोटार तापते आणि गिऱ्हाईक तुटतं. तो हात बसायला वर्षं जातात.

पुढे खाणींवरच्या ठेकेदारांची कामं मिळाली. मोटार त्यांना रातोरात हवी. तांब्याची तार मात्र मी रोखीनं आणायची, आणि बिल मागितलं की ‘साहेब दौऱ्यावर आहेत.’ पोरीच्या शाळेची फी भरायला उसनवारी केली तेव्हा लाखभर रुपये एकाच ठेकेदाराकडे अडकले होते. तो राग अजून गेलेला नाही.

त्याच सुमारास नागपूरहून एक गृहस्थ आले. पैसे देतो, चाळीस टक्के हिस्सा द्या, वणी, वरोरा, चंद्रपूरला दुकानं काढा. मी विचारलं, वाइंडर कुठून आणू? उत्तर नव्हतं. रात्री वही काढून हिशेब केला. ते देणार होते तेवढेच पैसे माझे लोकांकडे थकले होते. स्वतःच्याच पैशासाठी मी दुकानाचा हिस्सा का विकायचा?

तुम्ही पुण्याच्या क्विक हीलचं नाव घ्याल. कैलाश काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला. सिकोया या गुंतवणूक कंपनीचे साठ कोटी आले ते २०१० साली, आणि कंपनी शेअर बाजारात गेली २०१६ मध्ये. मला त्यांचा अभिमान वाटतो. पण बाहेरचा पैसा लागला तो दुरुस्तीच्या दुकानाला नव्हे, एकदा तयार करून लाखो संगणकांवर चालणाऱ्या मालाला. तुमच्याकडे असा माल असेल तर जरूर पैसा घ्या. वाइंडिंग, केटरिंग, एसी दुरुस्ती यांत दुप्पट काम म्हणजे दुप्पट शिकलेले हात, आणि गुंतवणूकदार तेवढी वाट पाहत नाही. यंत्र घ्यायचं असेल तर बँकेचं कर्ज बरं, ते फिटतं. दिलेला हिस्सा सहजासहजी परत येत नाही.

आणि थकलेल्या बिलांसाठी तर कायदाच आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत द्यावं लागतं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे संरक्षण सेवेच्या धंद्यालाही आहे, पण आपल्याकडचे कारागीर ते मागतच नाहीत; मोठं गिऱ्हाईक तुटेल ही भीती. जे पैसेच देत नाही ते गिऱ्हाईक कसलं?

धंदा काढाल तेव्हा या संरक्षणासाठी आधी उद्यम नोंदणी करा. ती फुकट होते. पहिल्या बिलापासून प्रत्येक बिलावर नोंदणीचा नंबर आणि तारीख टाका, आणि पोचपावतीवर सही घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या ऑफिसातून उठू नका.